केळ्याचा वास आणि मधमाशीची नांगी: आयसोअमाइल ॲसिटेट

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन महाबळेश्वरच्या बाजूला एका मधपाळांकडे गेले होते. वाटेत गाडीत आम्ही दोघींनी केळी खाल्ली. पेट्यांकडे निघायच्या आधी त्यांनी विचारलं, "आत्ता काही खाल्लंत का?" केळी म्हटल्यावर लगेच साबण आणून दिला. "हात-तोंड स्वच्छ धुऊन या. केळ्याच्या वासानं माशी उठते." भाचीला ती जुनी समजूत वाटली. मला मात्र आमच्या प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल आठवलं.

अठ्ठावीस वर्षं मी बी.एस्सी.च्या मुलांकडून आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारा पदार्थ, करून घेतलं. ॲसिटिक आम्ल, आयसोअमाइल अल्कोहोल, थोडं तीव्र गंधकाम्ल आणि तासभर उकळी. आम्लाचा वास व्हिनेगरसारखा, नाकात चढणारा. अल्कोहोलचा त्याहून वाईट, घशाशी येऊन खोकला काढणारा. दोन्हींत केळ्याचा मागमूस नाही. पण आम्ल आणि अल्कोहोल जोडले जातात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि खोलीत पिकल्या केळ्यांची पाटी आणून ठेवावी तसा वास सुटतो. वास आला की मुलांचे चेहरे कसे उजळायचे, ते मी कधीच विसरणार नाही.

मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीच्या मुळाशी असलेल्या कोशेवनिकोव्ह ग्रंथीतून आणि भोवतीच्या पडद्यातून जो इशाऱ्याचा गंध सुटतो, त्यातला मुख्य घटक हाच. नांगीच्या वासानं बाकीच्या माश्या चवताळतात हे फ्रान्स्वा ह्यूबर या स्विस निसर्गअभ्यासकानं १८१४ मध्येच नोंदवलं होतं. ह्यूबरला दिसत नव्हतं. निरीक्षणं तो मदतनिसांच्या डोळ्यांनी करत असे. त्या गंधात नेमकं काय आहे हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लागली. १९६२ मध्ये कॅनडातल्या बोक, शिअरर आणि स्टोन यांनी ते आयसोअमाइल ॲसिटेट असल्याचं दाखवलं.

केळं आणि मधमाशी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांना एकच रेणू का उपयोगी पडावा? याचं उत्तर त्या रेणूच्या गुणधर्मांत आहे, आणि वर्गात नेमका तोच भाग आपण घाईनं उरकतो.

रेणूत सात कार्बन, चौदा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. रेणुभार १३०. उकळांक १४२ अंश सेल्सिअस. आता अगदी हेच, एवढेच अणू वेगळ्या रीतीनं जोडले तर हेप्टॅनोइक आम्ल होतं. त्याचा उकळांक २२३ अंश! अणू तेच, वजन तेच, आणि फरक ८१ अंशांचा. कारण आम्लात ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन असतो, त्यामुळे आम्लाचे रेणू जोडीजोडीनं एकमेकांचा हात धरून बसतात. एस्टर होताना तो हायड्रोजन पाण्याबरोबर निघून जातो. मग रेणूंना एकमेकांना घट्ट धरायला काही उरत नाही. ते सुटे होतात, हवेत निघतात, नाकापर्यंत पोचतात. फळांच्या वासांत एस्टरं एवढी का, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

पाण्यात ते जेमतेम विरघळतं, लिटरमागे दोनेक ग्रॅम. घनता ०.८७, म्हणून पाण्यावर तरंगतं. गोठायला उणे ७८ अंशांपर्यंत खाली जावं लागतं.

हवेत लवकर पसरतं, तसंच लवकर विरूनही जातं. माशीला नेमकं हेच हवं. धोक्याची हाक तातडीनं पोचायला हवी, आणि धोका टळला की ती हवेत रेंगाळायला नको, नाहीतर पोळं दिवसभर पिसाळलेलंच राहील.

तुमच्यापैकी कोणाचा या रेणूशी कामाच्या निमित्तानं संबंध आला असेल तर जरूर लिहा.

पाचगणीचा पाऊस

ताई, लेख आवडला. एक शंका. पाणी १०० अंशांना उकळतं, हे १४२ला. म्हणजे हे पाण्यापेक्षा सावकाश उडायला हवं. मग बाटली उघडताच खोलीभर वास कसा?

कृष्णाकाठ

शंका रास्त आहे. उडतं सावकाशच. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब (द्रव किती जोमानं उडतो त्याचं माप) साडेसतरा मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, याचा चारच्या आसपास. पण ओली फरशी वाळताना पाण्याची वाफ कितीही उठली तरी आपलं नाक तिची दखल घेत नाही. या एस्टरचे मात्र दहा लाखांत एखाद-दोन भाग असले तरी नाकाला पुरतात. म्हणजे वास यायला दोन गोष्टी लागतात: रेणू उडायला हवा, आणि तो ओळखणारं कोणी हवं. माशीच्या मिश्या तर आपल्या नाकाच्या कितीतरी पुढे आहेत. एका नांगीत हा पदार्थ असतो मायक्रोग्रॅममध्ये, एक ग्रॅमचा दहा लाखावा भाग घ्या, त्याच्याच आगेमागे. तेवढ्यावर पेटीतल्या पहारेकरी माश्या बाहेर येतात.

आंबेनळी

मी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळतो, आता अकरा वर्षं झाली. पुस्तकातलं रसायन मला माहीत नव्हतं, पण तुम्ही लिहिलंय ते रोज हातावर अनुभवतो.

पहिली माशी चावली की दुसरी तिथंच चावते. अगदी त्याच बोटावर, त्याच पेरावर. नांगी कातडीत रुतून राहते, माशी मरून पडते, पण नांगीची पिशवी हलत असते, आणि वास सुटत असतो. म्हणून आम्ही नवीन मुलांना सांगतो: डंख झाला की हात झटकू नका, आधी नांगी काढा, मग त्या जागेवर धूर द्या. धुरानं तो वास झाकला जातो, असं माझे गुरुजी सांगायचे.

आणखी एक पाहिलेलं. नुकत्या बाहेर पडलेल्या, फिकट अंगाच्या माश्या हातावर घेतल्या तरी काही करत नाहीत. पहाऱ्यावरच्या जुन्या माश्या तापट. केळ्याचं म्हणाल तर कामाच्या दिवशी मी केळं खात नाही. अत्तरही नाही.

कृष्णाकाठ

आंबेनळी दादा, तुमच्या गुरुजींचं म्हणणं बरोबर ठरलं आहे. १९९५ मध्ये व्हिशर, व्हेटर आणि रॉबिन्सन यांनी माश्यांच्या मिश्यांमधले विद्युतसंकेत मोजले. धूर दिल्यावर आयसोअमाइल ॲसिटेटला मिश्यांकडून मिळणारा प्रतिसाद घटतो आणि थोड्या वेळानं पूर्ववत होतो. धुरामुळे माश्या मध पिऊन जड होतात हे आपण ऐकतोच. त्याच्या जोडीला ही गोष्टही घडते.

कोवळ्या माश्यांचंही खरं आहे. नुकत्या जन्मलेल्या कामकरी माशीत हे एस्टर जवळजवळ नसतंच. दोन-तीन आठवड्यांची होऊन ती पहाऱ्याला, चाऱ्याला बाहेर पडू लागते तोवर साठा भरतो.

नांगी कशी काढावी यावर लोक वाद घालतात. चिमटीत धरू नये, नखानं खरवडावी वगैरे. व्हिशर यांनीच सहकाऱ्यांबरोबर हेही तपासलं, आणि निष्कर्ष असा की कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता याला महत्त्व आहे. चिमट्याच्या शोधात एक सेकंदही घालवू नये. आणि डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा.

रावेरची माती

आमच्याकडे सगळं केळीवरच चालतं, म्हणून लिहितो. मुंबई-पुण्याचे पाहुणे बागेत आले की हमखास विचारतात, "केळ्याचा वास कसा काय नाही?" केळीच्या बागेत केळ्याचा वास नसतोच! घड हिरवा असताना कापतो. पिलबाग असो की कांदेबाग, शेतात वास येतो तो ओल्या मातीचा, पानांचा, आणि कापलेल्या खोडाच्या चिकाचा. घड पिकवणी केंद्रात गेल्यावर इथिलीन देतात, थंडाव्यात चार-पाच दिवस ठेवतात, साल पिवळी व्हायला लागते आणि तेव्हा कुठं वास उठतो.

माझा प्रश्न असा. पूर्वी कार्बाइडची केळी बाजारात यायची, ती दिसायला पिवळीधमक, पण वास फिका. आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्यालाही वास येत नाही. हे याच एस्टरशी जोडलेलं आहे का?

कृष्णाकाठ

हो भाऊ, जोडलेलं आहे. कच्च्या केळ्यात हे एस्टर नसतं; पिकताना केळं ते घडवतं. ल्युसीन नावाच्या अमिनो आम्लापासून आधी आयसोअमाइल अल्कोहोल बनतं, मग एक विकर (एन्झाइम) त्याला ॲसिटिक आम्लाचा भाग जोडून देतं. सालीचा हिरवा रंग जाणं, पिष्टाची साखर होणं आणि वास तयार होणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. इथिलीन तिन्हींना सुरुवात करून देतं, पण तिन्ही एका वेगानं चालतातच असं नाही. साल घाईनं पिवळी करून घेतली तर वासाचं काम मागे राहू शकतं. १२-१३ अंशांच्या खाली तर केळ्याला थंडी बाधते: साल काळवंडते आणि वास घडवणारी विकरं मंदावतात. त्यात थंड पदार्थातून वास उडतोही कमी.

केळ्याच्या वासात हा एकटा रेणू नसतो हेही सांगायला हवं. दुसरी एस्टरं असतात, लवंगेतलं युजेनॉलही थोडं असतं. म्हणून नुसत्या इसेन्सचा वास सपाट वाटतो आणि चांगल्या पिकलेल्या वेलची केळ्याचा भरलेला.

मळी ते स्पिरिट

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी एकवीस वर्षं शिफ्ट केमिस्ट होतो, सांगली भागात. ताईंनी वापरलेलं आयसोअमाइल अल्कोहोल येतं कुठून, हे मी सांगतो, कारण ते आमच्या डोळ्यांदेखत निघायचं.

मळी आंबवली की यीस्ट इथेनॉलबरोबर थोडी जड अल्कोहोलंही बनवतं. त्या मिश्रणाला आम्ही फ्यूजेल ऑइल म्हणायचो. हे वरही जात नाही, खालीही येत नाही; ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात मधल्याच ताटांवर साठत जातं. का? स्पिरिट पातळ असतं तिथं, म्हणजे खालच्या ताटांवर, पाणी अमाइल अल्कोहोलला जवळ ठेवत नाही, म्हणून ते इथेनॉलपेक्षा जोरानं वर उडतं. वर स्पिरिट तीव्र झालं की त्याच्यात ते आनंदानं मुरतं आणि जड असल्यामुळे पुन्हा खाली येतं. असं दोन्हीकडून ढकललं जाऊन मध्येच अडकतं. वेळेवर बाजूनं काढलं नाही तर पूर्ण मनोऱ्याचं गणित बिघडतं, स्पिरिटला वास लागतो. काढलेल्या मालात पाणी घातलं की तेल वर तरंगतं, ते निथळून पिंपात भरायचं. हजारो लिटर स्पिरिटामागे थोडंसंच निघतं, पण त्याला गिऱ्हाईक ठरलेलं. सुगंधवाले घ्यायचे, रंगवाले घ्यायचे.

पिंपाचं झाकण उघडलं की दोन मिनिटं खोकला. त्या पिंपातून पुढे केळ्याचा वास जन्मतो हे नव्या मुलांना सांगितलं तर पटत नसे.

अमाइल हे नावही पिष्टाच्या लॅटिन शब्दावरून, अमायलमवरून आलं आहे. युरोपात हे तेल बटाट्याच्या दारूतून निघायचं, आणि बटाटा म्हणजे पिष्ट. या तेलात अमाइल अल्कोहोलची दोन रूपं एकत्र असतात, एक १३१ला उकळणारं, एक १२८च्या आसपास. पाश्चरनं १८५५ मध्ये ती वेगळी केली. त्यांतलं एक ध्रुवित प्रकाशाचं (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल फिरवतं, दुसरं नाही. तीन अंशांच्या फरकावर साध्या ऊर्ध्वपातनानं ती सुटत नाहीत, त्यानं क्षारांच्या स्फटिकांचा मार्ग काढला. मनोऱ्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

तृतीय वर्ष

मॅडम, तुमचा धागा योग्य वेळी सापडला. परवाच आमचं हे प्रात्यक्षिक झालं आणि माझं पार फसलं. १५ मिली आयसोअमाइल अल्कोहोल, २० मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, ४ मिली गंधकाम्ल. उकळीसाठी पंचवीस मिनिटंच मिळाली, तास संपत आला होता. नंतर सेपरेटिंग फनेलमध्ये धुतलं. ऊर्ध्वपातन सुरू केल्यावर ९४-९५ अंशांनाच काहीतरी ढगाळ यायला लागलं. शेवटी हातात ७ मिली. सरांनी वहीत लाल रेघ मारली. दोन्ही पदार्थ समप्रमाणात का घेत नाहीत, आम्ल एवढं जास्त का, हेही मला समजलेलं नाही. पुन्हा करायची परवानगी मिळाली आहे, पुढच्या मंगळवारी.

कृष्णाकाठ

बाळ, प्रयोग फसला नाही, अर्धा राहिला. एकेक बघू.

आधी हिशोब. १५ मिली अल्कोहोल म्हणजे साधारण १२.२ ग्रॅम, ०.१३८ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक). २० मिली आम्ल म्हणजे २१ ग्रॅम, ०.३५ मोल. सगळं अल्कोहोल एस्टर झालं तर १७.९ ग्रॅम मिळायला हवं. तुझे ७ मिली म्हणजे ६.१ ग्रॅम, ३४ टक्के.

ही अभिक्रिया दोन्ही दिशांना चालते. एस्टर बनतं, आणि बाहेर पडलेलं पाणी त्यालाच पुन्हा फोडतं. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी १८६२ च्या सुमाराला पॅरिसमध्ये हे काटेकोर मोजलं: आम्ल आणि अल्कोहोल मोलाला मोल घेतले तर दोन तृतीयांशावर गाडी थांबते, कितीही उकळा. म्हणजे समतोल स्थिरांक, बनलेल्या एस्टर-पाण्याचा गुणाकार भागिले उरलेल्या आम्ल-अल्कोहोलचा गुणाकार, चार. आता तुझं प्रमाण, एकास अडीच, त्या समीकरणात घालून पाहा. अल्कोहोलचं ८८ टक्के एस्टर होतं. ६७ वरून ८८, फक्त आम्ल वाढवल्यामुळे. गंधकाम्ल समतोल गाठायची घाई करतं, वर थोडं पाणीही धरून ठेवतं.

मग आम्लच का वाढवायचं, अल्कोहोल का नाही? समीकरण दोन्हीला सारखंच मान देतं. उत्तर गुणधर्मांत आहे. उरलेलं आम्ल पाण्यात पूर्ण मिसळतं, आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणानं धुतलं की खालच्या थरात निघून जातं. उरलेलं अल्कोहोल मात्र पाण्यात फारसं जात नाही, आणि त्याचा उकळांक १३१, एस्टरचा १४२. अकरा अंशांत साध्या उपकरणानं दोघं सुटत नाहीत. म्हणून अल्कोहोल संपवून टाकायचं आणि आम्ल उरू द्यायचं. हे जिला कळलं, तिला प्रात्यक्षिक कळलं. लाल रेघेची काळजी करू नकोस.

आता ढगाळ द्रव. तुझं एस्टर ओलं होतं. पाणी आणि हे एस्टर मिळून ९४ अंशांच्या आसपास एकत्रच उकळतात, दोघांच्याही स्वतंत्र उकळांकाच्या खाली. म्हणजे तुझं चांगलं एस्टर पाण्याबरोबर आधीच वाहून गेलं. धुतल्यावर निर्जल सोडियम सल्फेट घाल, दहा-पंधरा मिनिटं मधूनमधून हलव. खडे एकमेकांना चिकटून गोळा होत असतील तर अजून पाणी आहे, आणखी घाल. काही दाणे सुटे फिरू लागले की वाळलं. उकळी पूर्ण एक तास, त्यात तडजोड नाही.

सोड्यानं धुताना फनेलचा कॉक सारखा उघडून वायू सोड. आणि वरचा थर आपला, हे फनेलवर पेन्सिलनं लिहूनच ठेव. मी अनेक मुलांना वरचा थर बेसिनमध्ये ओतताना पाहिलंय.

म्युनिकहून

मी इथे दहा वर्षं आहे. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास असतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं वरून इसेन्स घालत असतील. पण इथे पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्टच्या पलीकडे काही घालत नाहीत. तो वास यीस्टच करतं, आणि रेणू हाच. लिटरमागे दोन-चार मिलिग्रॅमही पुष्कळ होतात. माझे शेजारी ब्रुअर आहेत. ते म्हणतात, आंबवणं जरा गरम झालं की केळं वाढतं, बाटली जुनी झाली की केळं ओसरतं.

कृष्णाकाठ

ओसरतं ते मघाच्याच उलट्या वाटेनं. पाण्यात एस्टर हळूहळू फुटून पुन्हा अल्कोहोल आणि आम्ल होतं. जपानमध्ये तांदळाच्या साकेचा गिंजो नावाचा जो नाजूक प्रकार आहे, त्याच्या सुगंधातही हे एस्टर मोलाचं मानतात.

सह्याद्रीचा वाटाड्या

मी असं ऐकलंय की केळ्याचा इसेन्स ग्रो मिशेल नावाच्या जुन्या केळ्यावरून बनवला. ती जात पनामा रोगानं (केळीची झाडं मारणाऱ्या बुरशीनं) गेली, म्हणून आताच्या केळ्याशी तो वास जुळत नाही. खरं का?

जुन्या वह्या

विज्ञानाच्या इतिहासाचं वाचन करते, म्हणून उत्तर देते. पनामा रोगामुळे विसाव्या शतकाच्या मध्याला निर्यातीच्या बागांतून ग्रो मिशेल जाऊन कॅव्हेंडिश गटातली केळी आली हे खरं. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही कॅव्हेंडिशचीच घराणी. पण इसेन्सची गोष्ट त्याच्या फार आधीची. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात कृत्रिम फळांचे अर्क मांडले होते, आणि ऑगस्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं त्यांची तपासणी केली. त्यात अमाइल ॲसिटेट होतं, पण त्याचं नाव होतं नासपतीचं तेल! तेव्हा इंग्लंडातल्या सामान्य माणसानं केळं क्वचितच पाहिलेलं. त्याच वासाच्या नासपतीच्या गोळ्या तिथे आजही मिळतात. ज्या नाकाला जे फळ ओळखीचं, त्याचं नाव वासाला मिळतं, एवढंच यातून मला दिसतं.

आणि या एस्टरनं एकेकाळी प्रकाशही मोजला. १८८४ मध्ये हेफनर-आल्टेनेक या जर्मन अभियंत्यानं एक दिवा केला. इंधन अमाइल ॲसिटेट, ८ मिलिमीटर व्यासाची वात, ज्योतीची उंची बरोबर ४० मिलिमीटर. त्या ज्योतीचा आडवा प्रकाश म्हणजे एक हेफनर, आजच्या कँडेला या प्रकाशाच्या एककाच्या नऊ दशांश. जर्मनीत आणि शेजारच्या देशांत हे एकक अनेक दशकं चाललं. मेणबत्तीचं मेण जागोजाग वेगळं, तेलाचंही तसंच. हे मात्र शुद्ध मिळतं, घटक ठरलेले, म्हणून ज्योत कुठेही सारखी. त्या प्रयोगशाळांत दिवसभर काय वास दरवळत असेल!

रोह्याची पाळी

कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. आम्ही हे वापरतो मास्क चेहऱ्याला नीट बसला का ते पाहायला. सेंद्रिय बाष्प शोषणारं कार्ट्रिज लावलेला मास्क घालून कामगार छोट्या तंबूत उभा राहतो, आत या एस्टरनं भिजवलेला कागद टांगतो. मान वळव, वाक, मोठ्यानं वाच. केळ्याचा वास आला की मास्क गळतोय. धुळीच्या साध्या मास्कवर ही चाचणी करून उपयोग नाही, त्यातून बाष्प आरपार जातं. आधी त्या माणसाला हा वास ओळखता येतो का ते वेगळ्या खोलीत तपासायचं, कारण तंबूजवळ थांबून नाक मरतं आणि मग गळका मास्कही पास होतो. गोड वास म्हणून कोणी हलक्यानं घेऊ नये. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा दहा लाखांत शंभर भागांची धरतात. जास्त झालं की डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं.

आंबेनळी

ताई, एक विचारायचं राहिलं. सातेरी चिडली तर थोड्या वेळात शांत होते. आग्यामोहोळ उठलं तर तासन्‌तास शांत होत नाही, माणसाचा कितीतरी लांब पाठलाग करतं. वास एकच असेल तर असं का?

कृष्णाकाठ

तुमच्या प्रश्नानं मला मनापासून आनंद झाला, कारण सुरुवातीला मी जे म्हटलं त्याची खरी कसोटी इथं लागते. सातेरी, आग्या, फुलोरी आणि युरोपी माशी, चौघींच्या नांगीत आयसोअमाइल ॲसिटेट आहे. पण आग्या आणि फुलोरीत आणखी एक एस्टर सापडतं, २-डेसेनिल ॲसिटेट. त्यातही ॲसिटिक आम्लाचाच भाग आहे, फक्त अल्कोहोलची साखळी पाचाऐवजी दहा कार्बनची. रेणू जड, म्हणून उडतो फार सावकाश, आणि इशारा बराच वेळ टिकून राहतो.

सातेरी पोकळीत, भिंतीच्या आड राहते. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं टांगतात, संरक्षण फक्त स्वतःच्या अंगांचं. म्हणून त्यांना लांब टिकणारी हाक लागत असावी, असं मला वाटतं. आगीच्या घंटेचे दोन आवाज समजा, एक जोरात वाजून थांबणारा, दुसरा घुमत राहणारा. गडावर आग्या उठलं तर एकाच जागी उभं राहून हात झटकणं सगळ्यात वाईट. तोंड झाकून, लागलेल्या नांग्या काढत, तिथून लांब आणि बंदिस्त जागेत जायला हवं. अंगावरच्या कपड्यांवरही तो वास बसलेला असतो.

आता मूळ मुद्दा. हातावरच्या केळ्याच्या वासानं एखादी शांत पेटी उठेलच, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही कामाच्या दिवशी केळं खात नाही ते योग्यच. भाचीला तुमची पोस्ट वाचून दाखवली. आता तीही हात धुऊनच पेटीजवळ जाईल.

तृतीय वर्ष

मॅडम, मंगळवारी केलं! पूर्ण तास उकळलं. सोडियम सल्फेट तीनदा घालावं लागलं, मग दाणे सुटे झाले. पहिले काही थेंब बाजूला काढले, १३७ ते १४२ मध्ये आलेलं वेगळं धरलं. स्वच्छ, रंगहीन. १२.९ ग्रॅम, म्हणजे ७२ टक्के. आम्ल जास्त का, हे सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं आणि मी १३१ आणि १४२ सांगितलं. एक छोटी बाटली ठेवायची परवानगी मिळाली आहे. कशी ठेवू?

कृष्णाकाठ

७२! शाब्बास. तुझी वही मला बघायला आवडली असती.

काचेची बाटली घे, काचेचंच बूच. रबरी बूच लावू नकोस, एस्टर रबराला फुगवतं आणि चार दिवसांत बूच घट्ट अडकतं. याचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीनं वाफ पेटू शकते ते किमान तापमान) २५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलमध्ये खोलीतल्या खोलीत ठिणगी पुरेल. बर्नरच्या टेबलावर ठेवू नकोस, खिडकीच्या उन्हातही नको. चिठ्ठीवर नाव, तारीख आणि उकळांकाचा टप्पा लिही. आणि बाटलीत थोडे सोडियम सल्फेटचे दाणे राहिले असतील तर गाळून घे.